खुर्चीचा तिसरा मानकरी

१

"सत्य हवेसारखं असतं. दिसत नाही, पण त्याच्यावाचून कोणाचं पानही हलत नाही," असे आत्याबाईंनी भरल्या घरात जाहीर केले आणि चष्मा शोधायला त्या पलंगाखाली शिरल्या.

"आत्या, चष्मा तुमच्या डोक्यावर आहे," सूनबाई म्हणाली.

पलंगावर आत्याबाईंचा भाचा, म्हणजे सूनबाईचा नवरा, पडला होता. आदल्या दिवशी दुपारी तो कारखान्यातल्या मानाच्या खुर्चीतून पुढे झुकला, झुकतच गेला आणि समोरच्या भल्यामोठ्या चषकात तोंड खुपसून निपचित पडला. चौघांनी उचलून त्याला घरी आणले. चषक सोडवायला पाचवा लागला.

"कसला चषक होता रे?" आत्याबाईंनी बाहेर येत विचारले.

"रस्सीखेचीचा."

"पोचा आला?"

"मला की चषकाला?"

"तुझं कपाळ दिसतंय मला."

"चषकाला ओरखडाही नाही," भाचा अभिमानाने म्हणाला. "पडता पडता मिठी मारली होती त्याला."

या घराण्यात बाकी कशाचीही टंचाई असो, अभिमान पोत्याने होता. आत्याबाईंनी उभी हयात हवामान खात्यात काढली होती. त्यांनी "आज आकाश निरभ्र" म्हटले की शेजारीपाजारी निमूटपणे छत्र्या काढत. पण याचा अर्थ आत्याबाई चुकत होत्या असा नसून आकाश ऐकत नव्हते, असे त्यांचे ठाम मत होते.

भाच्याचा कारखाना चषक, ढाली आणि पदके बनवी. कोणी कुठेही पहिला आला की त्याच्या हातात या कारखान्याचा माल पडे. आता अशा ठिकाणी उत्तम कामगाराला चषक देऊन भागत नाही. कोळ्याला मासळीचे काय कौतुक! म्हणून मालकांनी खुर्ची काढली. मखमली, बुटकी, माणूस बसला की निम्मा गडप होईल अशी. वर्षाचा उत्तम कामगार त्या खुर्चीत बसायचा आणि धुऊन आलेल्या प्रत्येक चषकावर शेवटची नजर टाकायचा. एवढासा डाग दिसला तरी माल परत.

घोटाळा एवढाच होता की त्या खुर्चीत बसलेला माणूस सरळ राहत नसे. पहिला मानकरी डुलायला लागला, बोबडे बोलायला लागला, आणि दारू पिऊन कामावर येतो म्हणून त्याला काढून टाकले. दुसरी मानकरी अक्का. तिला उलट्या आणि डोकेदुखी सुरू झाली, तेव्हा कंबरेचे निमित्त करून तिने खुर्ची सोडली. हा तिसरा.

"कारखान्याचे डॉक्टर काय म्हणाले?"

"पित्त."

"आणि मालक?"

भाचा भिंतीकडे वळला. "मालक म्हणाले, सोमवारी ये. पुन्हा डुललास तर खुर्ची गेली, नोकरीही गेली. आत्या, मी आयुष्यात थेंबाला शिवलेलो नाही. सगळे माझा वास घ्यायला जवळ येतात. बोलायला येतोय असं दाखवतात आणि नाक पुढे करतात!"

"मग जाऊ नकोस."

"न जायला काय झालं? सोमवारी मी त्याच खुर्चीत बसणार. मेलो तरी बसणार."

"ते तर दिसतंच आहे," सूनबाई पुटपुटली आणि पदराने डोळे पुसत आत गेली.

आत्याबाईंनी चष्मा नाकावर चढवला. "कोणीतरी मानकऱ्यांना विष घालतंय," त्या म्हणाल्या. "आणि तो कोण ते मी सोमवारच्या आत सांगणार."

बाहेर शेजाऱ्याने हे ऐकले आणि सवयीने छत्री काढली.

२

मालकांनी आत्याबाईंना आधी पंखा दाखवला. पाहुणा कोणीही असो, आधी पंखा.

तो हॉलच्या छताला होता, बैलगाडीच्या चाकाएवढा. त्याखाली मालकांच्या वडिलांच्या नावाची पाटी होती आणि जाळीला एक लाल फीत बांधलेली होती. ती सारखी फडफडत होती.

"दूषित हवा खेचून थेट बाहेर!" मालक म्हणाले. "कामगारांच्या आरोग्याशी आम्ही तडजोड करत नाही. फीत बघा, फीत!"

"छान फडफडतेय. पण मालक, इथे गोडसर वास कसला येतोय?"

"वास? मला नाही येत. सवयीने जातो तो. ट्रायचा असेल."

ट्राय म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन. एवढे लांब नाव घ्यायला कारखान्यात कोणाला सवड नव्हती. चषक घासून चमकवला की त्यावर पॉलिशचे मेण राहते आणि मेणावर मुलामा चढत नाही. म्हणून एका खोल टाकीच्या तळाशी ट्राय तापवायचे आणि त्याच्या वाफेत चषकांची टोपली सोडायची. मेण वितळून गळते, चषक लख्ख होऊन बाहेर येतो. टाकी उंच असल्यामुळे हॉलचा तेवढा भाग दोन पायऱ्या खाली घेतला होता, आणि तिथेच खिडकीच्या उत्तम उजेडात मानाची खुर्ची होती. खिडकी मात्र कायमची बंद, कारण धूळ. टाकीचे झाकण कायमचे उघडे, कारण टोपल्यांची ये-जा.

खाली उतरून पाहिले तर खुर्ची रिकामी होती. आत्याबाईंना तिच्यापेक्षा वरच्या कट्ट्यावर उभा असलेला माणूस महत्त्वाचा वाटला. तो घासणीच्या यंत्रावर ढाल धरून उभा होता आणि खुर्चीकडे असा बघत होता, जसा उपाशी माणूस दुसऱ्याच्या पानाकडे बघतो.

"तो कोण?"

"ते होय, उपविजेते. उत्तम कामगाराच्या निवडीत दर वर्षी दुसरे येतात."

आत्याबाई पायऱ्या चढून गेल्या. यंत्र थांबेना, तेव्हा त्यांनी हवामान खात्याच्या आवाजात विचारले, "माझ्या भाच्याचं वाईट कोणाला हवंय?"

"मला," उपविजेते शांतपणे म्हणाले.

आत्याबाई गडबडल्या. संशयिताने इतक्या लवकर कबूल करण्याची त्यांची तयारी नव्हती.

"बाई, तीन वर्षं त्या खुर्चीपासून हातभर अंतरावर राहिलोय. हेवा वाटणार नाही तर काय आरती ओवाळू? पण मी काही केलेलं नाही. हवं तर मला नाही, चहाला विचारा."

"चहाला?"

"मानकऱ्यासाठी चहा वेगळा येतो. खास. इतरांच्या किटलीतला नाही." त्यांनी आवाज उतरवला. "आणि त्यात ती बाई काहीतरी घालते. मी डोळ्यांनी बघितलंय."

३

चहावाल्या मावशी चुलीपाशी उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर, जगातल्या सगळ्या माणसांचे आपल्यावाचून अडते हे जाणणाऱ्या बाईचा करारीपणा होता.

"मानकऱ्याच्या चहात तुम्ही काहीतरी घालता," आत्याबाई म्हणाल्या.

मावशींच्या हातातली पळी थांबली. "कोणी सांगितलं?"

"घालता की नाही?"

मावशींनी दाराकडे पाहिले, दार लोटून घेतले आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "घालते. पण मालकांना सांगू नका."

"काय घालता?"

"दूध."

आत्याबाईंनी भांड्यात डोकावून पाहिले.

"सगळ्यांना कोरा चहा द्यायचा असा हुकूम आहे. पण एवढा गुणी मुलगा, मानाच्या खुर्चीत बसलाय, त्याला कोरा चहा कसा द्यायचा हो? पहिल्याला दिलं, अक्काला दिलं, यालाही देते. माझी पदरमोड."

"आणि त्या दुधाने..."

"दुधाने काय होतंय! तुमचा भाचा तर घेतच नाही. दूध त्याला सोसत नाही म्हणे. कप जातो कट्ट्यावर. ते उपविजेते पितात. रोज. ढेकर देतात वर. आणि संशय आपल्यावर नको म्हणून बोट माझ्याकडे!"

आत्याबाईंच्या पोलादी तर्काची एक बाजू कोसळली. विष चहात असते तर उपविजेते कधीच आडवे व्हायला हवे होते. आणि ते तर टुणटुणीत होते. बाकीचे कामगारही होते. एकाच छताखाली, एकाच हवेत सगळे काम करत होते, आणि आजारी पडत होता तो फक्त सर्वांत गुणी माणूस.

एवढ्यात चहाच्या कपाटाच्या माथ्यावरून एक भुरी मांजर आत्याबाईंकडे तुच्छतेने बघू लागली.

"खाली ये गं," मावशी म्हणाल्या. "यायची नाही ती. आधी मानाच्या खुर्चीखाली झोपायची. टाकीची ऊब असते ना. मग एक दिवस उठली ती थेट भिंतीला धडकली. पावलं वाकडीतिकडी. दोन पायऱ्या चढताना तीनदा पडली. तेव्हापासून जिथे चढता येईल तिथे उंचावर बसते. आता मला सांगा, मांजरीला कोणी दारू पाजली?"

आत्याबाई ताडकन वळल्या.

"अक्का कुठे बसते?"

४

अक्का वरच्या कट्ट्यावर उंच स्टुलावर बसून पदकांना फिती ओवत होती. खुर्ची सोडल्याला बरेच दिवस झाले होते, तरी त्या आठवणीने तिचा चेहरा अजून उजळे.

"काय मान होता बाई! सगळे खाली बघून नमस्कार करायचे."

"खाली बघून," आत्याबाई म्हणाल्या. "डोकं कधी दुखायचं?"

"सकाळी ठीक असायचं. दुपारपर्यंत सगळं गरगरायला लागायचं. सुटीच्या दिवशी मात्र ठणठणीत. घरचे म्हणायचे, कामचुकारपणा आहे. मी? कामचुकार?" अक्काने फीत अशी ओढली की पदकाची कडी वाकली. "या स्टुलावर आल्यापासून एकदाही दुखलं नाही. पण ते कसं सांगायचं? लोक म्हणाले असते, मान झेपला नाही."

"म्हणून कंबर दुखते म्हणालीस."

"कंबर दुखण्यात कमीपणा नसतो."

आत्याबाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या डोक्यात विजा चमकत होत्या, आणि या वेळी पाऊस नक्की पडणार होता.

"अक्का, मला पदकांच्या फिती दे. बऱ्याचशा. आणि पंखा साफ करायचा लांब बांबू कुठे आहे?"

"आत्ता सगळे घरी निघालेत. सोमवारी काढून ठेवते."

आत्याबाई घरी आल्या तेव्हा भाचा आरशासमोर उभा राहून डुलायचे नाही याचा सराव करत होता. त्यांनी त्याला जाऊ नको म्हणून सांगितले, दटावले, शेवटी दाराला कडी घातली. सोमवारी सकाळी त्या उठल्या तेव्हा कडी जागच्या जागी होती, खिडकी उघडी होती आणि भाचा कारखान्यात होता.

५

आत्याबाई हॉलमध्ये शिरल्या तेव्हा टाकी तापलेली होती आणि भाचा मानाच्या खुर्चीत ताठ बसला होता. ताठ म्हणजे त्याच्या मते. प्रत्यक्षात तो घड्याळाच्या लंबकासारखा डावीउजवीकडे जात होता.

"काम थांबवा!" आत्याबाई गरजल्या. कोणीच थांबवले नाही. पण बघायला मात्र सगळे जमले.

आत्याबाईंनी बांबूला वरपासून खालपर्यंत पदकांच्या फिती बांधल्या आणि तो खुर्चीशेजारी उभा केला. छताजवळची फीत पंख्याकडे तोंड करून फडफडली. तिच्या खालची जराशी हलली. कट्ट्यावरच्या माणसांच्या तोंडासमोरची कशीबशी डोलली. आणि खाली, भाच्याच्या नाकासमोरची फीत मेलेल्या पालीच्या शेपटीसारखी लटकत राहिली.

"मालक, धुकं कुठे साचतं?"

"धुकं? खोलगट भागात."

"का?"

"गार हवा जड असते म्हणून. हे तर सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत आहे आणि कोणाच्याच लक्षात आलं नाही. मीही चहाच्या मागे धावत होते. ट्रायची वाफ साध्या हवेपेक्षा कितीतरी जड. टाकीच्या काठावरून ती दुधासारखी उतू जाते, फक्त दिसत नाही. खाली दोन पायऱ्यांचा खड्डा. खिडकी बंद. तिथे ती साचते. जो तिथे उभा राहतो त्याचं नाक वर राहतं आणि तो टोपली सोडून वर निघून जातो. पण एका माणसाला आपण त्या डबक्याच्या मध्यभागी दिवसभर बसवतो. तेही बुटक्या खुर्चीत. तेही मऊ गादीत, म्हणजे नाक आणखी खाली. ही वाफ मेंदूवर दारूसारखी चढते. माणूस डुलतो, बोबडा बोलतो, रविवारी बरा होतो, सोमवारी पुन्हा डुलतो. अक्का स्टुलावर चढली आणि वाचली. मांजर कपाटावर चढली आणि वाचली. उपविजेते खुर्चीच मिळाली नाही म्हणून वाचले."

उपविजेत्यांनी नकळत छातीवर हात ठेवला.

"पण आमचा पंखा!" मालक म्हणाले.

"पंखा उत्तम आहे. छतावरच्या पालींना इतकी शुद्ध हवा कुठल्याच कारखान्यात मिळत नसेल."

कोणीतरी खुदकन हसले. मालक पाटीकडे बघत राहिले. त्यांचा आवाज बारीक झाला. "म्हणजे विष कोणी घातलं?"

"कोणी नाही. आपण सत्कार केला."

तेवढ्यात खुर्चीतून जड जिभेचा आवाज आला, "मी उठणार नाही."

आत्याबाई दोन पायऱ्या उतरल्या. "काय म्हणालास?"

"मी आत्ता उठलो तर लोक म्हणतील, दारुडा पळाला. मी मानकरी आहे. या खुर्चीत चांगलं काम करून आलोय." डोळे तांबारले होते, पण हनुवटी वर होती. हे खास घराण्याचे दुखणे. त्यावर डॉक्टरकडेही औषध नव्हते.

आत्याबाईंनी आयुष्यात हजारो घोषणा केल्या होत्या. या क्षणी एकही आठवेना. त्या खुर्चीच्या हातावर टेकल्या, गोड वास नाकात शिरला, आणि त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पहिला मानकरी कुठे असतो रे हल्ली?"

"घरीच. कोणी कामाला ठेवत नाही."

"का?"

भाच्याने समोरच्या चषकाचा काठ बोटाने पुसला.

"तू बसून राहिलास तर तो जन्मभर दारुडाच राहील. तू उठलास तर तुम्ही दोघंही उठाल."

भाच्याने चषक बाजूला सारला. मग खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि तो उठला. आत्याबाईंनी आधार द्यायला हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही. एक पायरी चढला. दुसरी चढला. कट्ट्यावर पोचून कठडा धरला आणि हॉलकडे तोंड करून उभा राहिला.

"डाग दिसला की माल परत पाठवायचा, हे मानकऱ्याचं काम," तो म्हणाला. शब्द जड येत होते, पण एकेक शब्द स्वतंत्र येत होता. "आज हा अख्खा हॉल मी परत पाठवतोय. टाकी बंद."

कोणी हलेना. सगळ्यांनी मालकांकडे पाहिले. मालकांनी पंख्याकडे पाहिले.

मग घासणीचे एक यंत्र घरघरले आणि थांबले. उपविजेते हात पुसत बाजूला उभे राहिले. त्यांच्या मागून दुसरे यंत्र थांबले, तिसरे थांबले, आणि शेवटी हॉलमध्ये फक्त लाल फितीची फडफड उरली. आयुष्यात पहिल्यांदाच उपविजेते पहिले आले होते.

मालक स्वतः पायऱ्या उतरले, त्यांनी टाकीखालची आग विझवली आणि झाकण ओढून घेतले. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता.

"त्या पहिल्याला मीच काढलं होतं," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर."

"मग परतही सगळ्यांसमोर आणा," अक्का म्हणाली.

६

मालक पहिल्या मानकऱ्याच्या घरी चालत गेले. सगळा कारखाना मागून चालत गेला. दारात काय बोलणे झाले ते नीट ऐकू आले नाही, कारण आत्याबाई शेजारच्यांना सगळे पहिल्यापासून सांगत होत्या. पण पहिला मानकरी बाहेर आला तेव्हा त्याची बायको पुढे होती, आणि गल्लीतल्या ज्या ज्या खिडकीतून कोणी बघत होते, त्या त्या खिडकीकडे ती थांबून, मान वर करून बघत होती.

शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी तिन्ही मानकऱ्यांना तपासले. त्यांनी पित्ताचे नावही काढले नाही. पुन्हा पुन्हा तपासणीला यायचे, आणि त्या वाफेच्या आसपासही फिरकायचे नाही, असे बजावले. मालकांनी टाकी काढून टाकली. आता चषक गरम साबणपाण्यात धुतले जाऊ लागले. त्याला वेळ जास्त लागे, आणि उपविजेत्यांच्या मते चमकही जास्त येई. खाली जमिनीलगत हवा खेचणारी नळी बसवली. खड्डा भरून काढला.

पण मानकऱ्याला बसवायचे कुठे? सगळ्यांचे एकमत झाले की उंच. सुतारांनी स्टुलाचे पाय लांब केले. घासणीवाल्यांना ते अपुरे वाटले म्हणून त्यांनी खाली चौथरा दिला. अक्काने वर गादी चढवली. मालक म्हणाले, आणखी वीतभर होऊ दे, आमच्याकडून.

भाचा बरा होऊन आला त्या दिवशी त्याला सहाजणांनी मिळून वर चढवले. पहिल्या मानकऱ्याने त्याच्या गळ्यात पदक घातले, त्यासाठी शिडी लागली. सूनबाई पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती आणि शेजारणीला सांगत होती, "आमचे हे."

आत्याबाईंचे भाषण झाले. "सत्याला उंची लागते!" त्या म्हणाल्या. "ज्याचं काम उंच, त्याची बैठक उंच! आज आपल्या कारखान्याने सगळ्या जगाला..." जगाला काय, ते टाळ्यांच्या कडकडाटात बुडाले. लोकांचे डोळे भरून आले. मग सगळे दुधाच्या चहाकडे वळले, आत्याबाई सर्वांत पुढे.

हॉल रिकामा झाला. वरून हळूच आवाज आला.

"आत्या, जाताना जरा स्टूल धरतेस का? मला उतरायचंय."